घड्याळ कुठल्या गावचं?

निवांत बसा. चहाचा कप लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवा. आज फोटोंच्या तारखा दुरुस्त करायच्या आहेत हे खरं, पण पहिला अर्धा तास आपण काहीच दुरुस्त करणार नाही. एक फोटो निवडा. एकच. त्याच्या पोटात काय लिहिलंय ते आधी वाचू.

माझ्यापुढचा फोटो भाचीच्या लग्नातला आहे. डिसेंबरातलं लग्न, मुहूर्त सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा. न्यू जर्सीहून आलेल्या मावसभावाने स्वतःचा कॅमेरा आणला होता आणि हौसेने ५४० फोटो काढले. जाताना सगळे माझ्या लॅपटॉपवर उतरवून गेला. त्याचे फोटो आणि माझ्या फोनमधले फोटो मी वेळेच्या क्रमाने एकत्र लावले, आणि पाहतो तर मंगलाष्टकं रात्री १ वाजून १२ मिनिटांनी चाललेली. मांडवात लख्ख ऊन, गुरुजींच्या कपाळावर घाम, आणि वेळ रात्रीची सव्वा.

तुमच्याकडे लग्न नसेल. सहलीचे फोटो असतील, वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यातले असतील. त्या कॅमेऱ्याची आतली छोटी बॅटरी मेली आणि दर वेळी तो एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीला जाऊन बसला, असंही असेल. काही असो. फोटो समोर ठेवा आणि त्याच्याकडे जरा वेळ पाहा. सावल्या कुठे पडल्यात? घड्याळ बांधलेला एखादा हात दिसतो का? कॅमेऱ्याने लिहून ठेवलेल्या वेळेपेक्षा फोटोतलं ऊन जास्त भरवशाचं आहे. हे पुढे कामाला येणार आहे.

आता आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी उघडा.

या खिडकीची भीती वाटते, ती मलाही वाटली. तिथे बटण नाही, चित्र नाही, ‘मदत हवी का’ विचारणारं कोणी नाही. फक्त एक रेघ लुकलुकते. तिला घाई नाही, हे लक्षात घ्या. तासभर काही टाइप केलं नाही तरी ती तशीच लुकलुकत राहील. घाई असते ती आपल्या बोटांना.

आपण वापरणार ते साधन म्हणजे एक्झिफटूल. कॅनडातल्या फिल हार्वे यांनी ते पर्ल भाषेत लिहिलं, २००३ पासून आजतागायत ते वाढवत आणलं आहे, आणि ते फुकट मिळतं. फोटोच्या फाइलमध्ये दडलेली माहिती वाचायला आणि बदलायला याच्या तोडीचं दुसरं मला माहीत नाही. पण त्याचं स्वागत थोडं विक्षिप्त आहे. विंडोजवर उतरवून घेतलेल्या फाइलच्या नावातच कंसात ‘हायफन के’ असं लिहिलेलं असतं. मी आठवडाभर त्याला छपाईतली चूक समजत होतो. ती सूचना आहे: काम संपलं की खिडकी लगेच मिटू नकोस, माणूस एंटर दाबेपर्यंत थांब. साधन स्वतःच्या नावातला कंस वाचतं आणि त्याप्रमाणे वागतं. आज्ञा टाइप करून वापरायचं तर तो कंस नावातून काढून टाकायचा. आणि सोबत एक फोल्डर येतं, ते शेजारीच राहू द्यायचं. मी नीटनेटकेपणाच्या भरात ते दुसरीकडे हलवलं होतं, मग साधन चालूच होईना.

तर आता साधनाचं नाव लिहा, एक जागा सोडा, आणि फोटो माउसने ओढून खिडकीत टाका. त्याचा सगळा पत्ता आपोआप लिहिला जाईल. एंटर दाबा. हे बिनधास्त दाबा, कारण आपण फक्त वाचतो आहोत. वाचण्याने फोटोला काही होत नाही.

पडद्यावरून ओळी धावत जातील. शंभर, कधी दोनशे. धावू द्या, मग वर सरका आणि पहिल्या ओळीपासून वाचा. आपल्याकडे आधी श्रवण सांगितलंय आणि मग मनन. नवखा माणूस इथे नेमका उलट्या क्रमाने जातो: आधी हुकूम सोडतो, मग हुकूम बिघडला म्हणून दुसरा सोडतो, आणि आलेलं उत्तर वाचायचं राहूनच जातं. मी असाच होतो. उत्तर इंग्रजीत आहे, तांत्रिक आहे, तेव्हा ते माझ्यासाठी नसणारच, अशी माझी समजूत होती.

वाचताना तारखांपाशी थांबा. एका फोटोत किती तारखा आहेत मोजा. माझ्या फोटोत सहा निघाल्या. ‘डेट टाइम ओरिजिनल’ म्हणजे कॅमेऱ्याची कळ दाबली ती वेळ. ‘क्रिएट डेट’ म्हणजे दृश्याची डिजिटल फाइल झाली ती वेळ. ‘मॉडिफाय डेट’ म्हणजे चित्रात शेवटचा फेरफार झाला ती. डिजिटल कॅमेऱ्यात या तिन्ही बहुतेक सारख्याच असतात, म्हणून फरक कळत नाही. आजोबांचा १९६८ चा फोटो काल स्कॅन केला, तर पहिली तारीख १९६८ ची हवी आणि दुसरी कालची, दोन्ही खऱ्या. उरलेल्या तीन तारखा फोटोच्या नाहीतच, त्या फाइलच्या आहेत. संगणकाने ती कधी ठेवली, कधी उघडली, कधी बदलली, एवढंच त्यात असतं. पाकिटावरचा टपालाचा शिक्का आणि पत्रात वर घातलेली तारीख, तसा हा भेद. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘मॉडिफाइड’च्या रकान्यात दिसतो तो शिक्का. फोटोची वेळ दुरुस्त केली की शिक्का आजचा पडतो, आणि नवखा माणूस घाबरतो की सगळे फोटो आजचे झाले. झालेले नसतात. पत्र उघडून पाहायचं.

आता त्या पहिल्या तारखेकडे जवळून पाहा. वर्ष, महिना, दिवस, मग तास, मिनिट, सेकंद. मोकळी जागा आणि दोन-दोन टिंबं धरून १९ अक्षरं. आपण तारखेत तिरकी रेघ देतो किंवा आडवी. इथे तारखेच्या आकड्यांमध्येही विसर्गासारखी दोन टिंबंच आहेत. ही पद्धत जपानी कॅमेरा उद्योगाने १९९५ मध्ये ठरवलेल्या एक्झिफ मानकातली. त्या १९ अक्षरांकडे थोडा वेळ पाहत राहा आणि स्वतःला विचारा, यात काय लिहिलेलं नाही?

गाव लिहिलेलं नाही.

एक वाजून बारा मिनिटं, पण कुठली? पुण्यातली की न्यू जर्सीतली? कॅमेऱ्याला माहीत नाही आणि त्याने कधी विचारलंही नाही. जगातल्या कुठल्या वेळेप्रमाणे हे घड्याळ लावलंय, ते नोंदवायला या मानकात अधिकृत जागा झाली ती २०१६ च्या आवृत्तीत, म्हणजे तब्बल २१ वर्षांनी. त्याआधीचे बहुतेक फोटो, आणि नंतरच्याही कित्येक कॅमेऱ्यांतले, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे सांगतात. ती भिंत कुठल्या गावातली, ते सांगत नाहीत.

मुंबईकराला हे नवं वाटायला नको. १९०६ मध्ये देशाची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबई आपल्या वेळेला धरून राहिली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं शहरात ही दुसरी वेळ चालत होती. तेव्हाच्या एखाद्या आमंत्रणपत्रिकेवर नुसतं ‘सायंकाळी ६ वाजता’ लिहिलेलं असेल, तर पाहुण्याने कुठलं घड्याळ पाहून निघायचं? आपल्या फोटोचं तेच झालंय. तो खोटं बोलत नाही. मावसभावाचं घड्याळ त्याच्या गावचंच होतं, तिकडे तेव्हा खरोखर रात्रीचे एक वाजून बारा मिनिटं झाली होती.

हिवाळ्यात आपण न्यू जर्सीच्या साडेदहा तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेनऊ. लग्न डिसेंबरात. म्हणजे १:१२ मध्ये साडेदहा मिळवा: ११:४२. बोटांवर मोजलं तरी चालेल. मी मोजलं, आणि मुहूर्ताचा आकडा मिळाल्यावर मांडवातलं ते ऊन एकदम आपल्या जागी आल्यासारखं वाटलं.

अजून आज्ञा देऊ नका. आधी चुका पाहू, कारण त्या होणारच आहेत.

मी ज्या फोल्डरमध्ये फोटो ठेवले त्याचं नाव ‘भाचीचं लग्न’. मराठीतच नाव द्यायची माझी सवय. पत्ता हाताने टाइप केला, एंटर दाबलं, आणि उत्तर आलं: फाइल नॉट फाउंड. दोनदा आलं. एका ओळीत सहा प्रश्नचिन्हं, दुसऱ्या ओळीत चार. मी चरफडलो, तीच आज्ञा पुन्हा दिली, जणू यंत्राला पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसावं. तेच उत्तर.

या दोन ओळींपाशी आपण बसू या. दोन का? मी एकच फोल्डर सांगितलं होतं. पण मधे मोकळी जागा होती, आणि या खिडकीत मोकळी जागा म्हणजे एक वस्तू संपून दुसरी सुरू. यंत्र आज्ञाधारकपणे ‘भाचीचं’ शोधायला गेलं, मग ‘लग्न’ शोधायला गेलं. जागा असलेलं नाव अवतरणचिन्हांत धरावं लागतं. आणि प्रश्नचिन्हं सहाच का? ‘भाचीचं’ यात मला तीन अक्षरं दिसतात. पण भ, काना, च, वेलांटी, पुन्हा च, अनुस्वार, असे मोजले तर सहा. ‘लग्न’ म्हणजे ल, ग, तो न दिसणारा हलन्त, आणि न: चार. खिडकीला देवनागरी कळली नव्हती, पण किती चिन्हं कळली नाहीत याचा हिशेब तिने चोख दिला होता. शाळेत बाईंनी फोड करून दाखवली होती तशीच ही फोड.

चुकीचा संदेश मी तेव्हापासून वेगळा वाचतो. आधी मला तो ‘तुला जमत नाही’ असा ऐकू यायचा. त्यात खरं तर असतं ते ‘मला एवढं ऐकू आलं’. पोस्टमन जसा दारात येऊन पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचतो तसं. त्याने चुकीचं वाचलं तर कुठे चुकलं ते तिथेच कळतं.

दुसरं उदाहरण. उपयोगी पडतील म्हणून काही आज्ञा मी वर्डमध्ये उतरवून ठेवल्या. वर्डने सौजन्याने सरळ अवतरणचिन्हं वळणदार केली, छोटी आडवी रेघ लांब केली. छापायला सुंदर. तिथून उचलून खिडकीत चिकटवलं, की साधन म्हणतं, ही फाइल सापडत नाही. आणि फाइल म्हणून दाखवतं माझी आख्खी सूचनाच. लांब रेघ त्याला सूचनेची खूण वाटत नाही, म्हणून पुढचं सगळं त्याला नाव वाटतं. तुमच्या पडद्यावर असा संदेश असेल, तर त्यातल्या रेघेकडे डोळे बारीक करून पाहा. लांब आहे की आखूड? आज्ञा लिहून ठेवायच्या तर नोटपॅडमध्ये ठेवा.

फोल्डरचं नाव मी तात्पुरतं रोमन अक्षरांत, जागा न सोडता केलं. देवनागरी चालवायचेही मार्ग आहेत, पण एका वेळी एकच लढाई.

आता फोटोची एक प्रत करा. वेगळ्या जागी. त्या प्रतीवर आज्ञा द्यायची: ‘ऑल डेट्स’, म्हणजे वर पाहिलेल्या त्या पहिल्या तीनही तारखा, मग अधिक, मग बरोबर, मग १०:३०. टाइप करा, पण एंटर दाबू नका. चिन्हाकडे पाहा. अधिकच्या जागी उणे पडलं असतं तर मंगलाष्टकं आदल्या दिवशी दुपारी २:४२ ला गेली असती, सीमांतपूजनाच्याही आधी. साधनाने हू की चू केलं नसतं. त्याला लग्नाची रीत ठाऊक नाही.

दाबा. एक फाइल अपडेट झाली असं ते सांगेल. विश्वास ठेवू नका, पुन्हा वाचायला लावा. ११:४२? फोटोतल्या उन्हाशी जुळतं? मग ठीक.

इथवर मी शहाण्यासारखा वागलो होतो. पुढे माझी घसरण झाली, ती सांगतो. सगळ्या फोल्डरला आज्ञा दिली. खाली आकडा आला: ३१२ फाइल्स अपडेटेड. मला ५४० हव्या होत्या. तेव्हा आठवलं, मावसभावाच्या फोल्डरात आत आणखी दोन फोल्डर आहेत, आणि आतल्या खोल्यांत शिरायचं तर हायफन आर अशी वेगळी सूचना लागते. लगेच वरचा बाण दाबून जुनी आज्ञा आणली, आर जोडला, एंटर. तीन फोल्डर पाहिली, ५४० फाइल्स अपडेटेड! मी खुर्चीत मागे रेललो.

तुम्हीही क्षणभर रेला आणि विचार करा, काय झालं असेल.

बाहेरच्या ३१२ फोटोंमध्ये साडेदहा तास दोनदा मिळवले गेले होते. आतल्या खोल्यांतले २२८ बरोबर, बाहेरच्या खोलीतल्यांना एकवीस तासांचा धक्का. मंगलाष्टकं आता रात्री १० वाजून १२ मिनिटांनी. ‘वेळ अमुक कर’ असं मी सांगितलं नव्हतं, ‘अमुक इतकी सरकव’ असं सांगितलं होतं. आणि सरकवणाऱ्याला आपण आधी एकदा सरकवलंय याची आठवण नसते. मीठ घातलंय का याची खात्री न करता पुन्हा चिमूट टाकणाऱ्या घराघरातल्या आमट्या मला त्या क्षणी आठवल्या.

तेव्हा मी त्या फोल्डरकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची, शेवटी ‘ओरिजिनल’ लिहिलेली आणखी एक फाइल होती. हा पसारा म्हणून मी ती सगळी पुसणारच होतो. साधन फोटोत लिहिण्याआधी मूळ प्रत अशी बाजूला ठेवतं. आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे दुसऱ्यांदा लिहिताना, तिथे मूळ प्रत आधीच असली, तर तिच्यावर हात टाकत नाही. माझ्या दुहेरी गोंधळानंतरही शेजारी होती ती पहिली, मावसभावाच्या कॅमेऱ्यातून आली तशी. मूळ परत आण, अशी एक सूचना असते. ती दिली आणि ५४० च्या ५४० फोटो न्यू जर्सीच्या रात्रीत परत गेले. मग एकदाच, आरसकट, साडेदहा तास. या प्रती बनवूच नकोस असं सांगणारीही एक सूचना आहे. जाणकार ती सर्रास वापरतात. तुम्ही इतक्यात वापरू नका.

आत्याने व्हॉट्सअॅपवरून पाठवलेले वीसेक फोटो उरले. त्यांच्या पोटात तारीखच नाही, वाटेत गळून जाते. नावात तेवढी असते, आठ आकडे, मग ‘डब्ल्यूए’ आणि अनुक्रमांक. नावातून तारीख उचल, असं या साधनाला सांगता येतं आणि ते उचलतंही. फक्त पुढचा ०००७ हाही वेळच समजून फोटोला रात्रीचे १२ वाजून ७ मिनिटं देतं. सातवा फोटो, म्हणून सात मिनिटं. मला हसू आलं. त्यांना मी तारीख तेवढी ठेवली आणि वेळ दुपारी बाराची दिली. अंदाज आहे आणि अंदाजच राहील.

आता दोन्हीकडचे फोटो पुन्हा एकत्र लावा. हळूहळू पुढे जा. सीमांतपूजन, संध्याकाळी. सकाळी बोहल्याची धावपळ. अंतरपाट धरलेला, माझ्या फोनमधून. अंतरपाट दूर होतो, अक्षता हवेत, वधूवरांच्या हातात हार. पुढचा फोटो मावसभावाचा, समोरच्या बाजूने: अंतरपाट पुन्हा धरलेला.

पुन्हा मागे जा. पाहा. माझ्या फोटोत ११:४२:१०. त्याच्या फोटोत ११:४२:३५, आणि अंतरपाट अजून ताणलेला. आणखी दोन फोटो पुढे गेल्यावर त्याच्या बाजूनेही अक्षता उडतात, ११:४२:५०. चाळीस सेकंदांनी भाचीचं लग्न दुसऱ्यांदा लागतं.

साडेदहा तास निघाले आणि त्याखालून हे चाळीस सेकंद वर आले. त्याच्या कॅमेऱ्याचं घड्याळ तेवढं पुढे असणार. किंवा माझ्या फोनचं मागे. पण फोन वेळ नेटवर्ककडून घेतो, म्हणून संशय कॅमेऱ्यावर. ऑल डेट्स, उणे, बरोबर, शून्य, शून्य, चाळीस. आज्ञा टाइप करून ठेवली आहे. चिन्ह दोनदा पाहिलं, रेघ आखूड आहे, आर आहे. रेघ लुकलुकते आहे. एंटर दाबण्याआधी मावसभावाला फोन करून विचारावं म्हणतो, घड्याळ पुढे होतं का रे तुझं. आत्ता तिकडे किती वाजलेत ते आधी मोजतो.